छापून आलेल्या पेपरात चूक सापडली, आता कुणाला सांगू?

पीएचडी करणारे आणि कॉलेजांत शिकवणारे लोक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ते बहुतेक गाईडच्या धाकामुळे, नाहीतर थीसिस पुढे सरकत नाही म्हणून. पण हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो: "माझ्याच छापलेल्या शोधनिबंधात, म्हणजे पेपरात, चूक निघाली आहे. अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही. सांगू, की गप्प बसू?" अशाच एका प्राध्यापिकेची ही हकिकत. त्यांच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

उसाच्या रानातल्या मातीतले, स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू हा मॅडमचा विषय. पेपर पीएचडीनंतरचा, तीन नावांचा: त्या स्वतः, त्यांचे जुने गाईड आणि एमएस्सीचा एक विद्यार्थी, ज्याच्या प्रोजेक्टमधून हे काम निघालं. पेपर छापून आला, सत्कार झाला, विषय मागे पडला. मग विदर्भातल्या एका विद्यार्थ्याचा मेल आला. तुमच्या पेपरात सर्वोत्तम ठरलेला जिवाणू मिळेल का, कपाशीवर वापरून बघायचा आहे. त्या जिवाणूचं कल्चर, म्हणजे वाढवलेला नमुना, पाठवण्याआधी मॅडमनी सहज जुनी नोंदवही काढून आकडे ताडले आणि त्यांना घाम फुटला. एक्सेलमध्ये नमुन्यांची नावं वर्णानुक्रमे लागली होती, पण शेजारचा कलरीमीटरच्या (रंगाच्या गडदपणावरून प्रमाण मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांचा रकाना जागचा हलला नव्हता. पेपरातला पहिला नंबर प्रत्यक्षात मधेच कुठेतरी होता.

माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची झोप उडालेली होती. रोज रात्री तीच फाइल उघडायची, तेच रकाने बघायचे. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 2018 ची नियमावली तर जवळजवळ पाठ झाली होती: दुसऱ्याच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, 60 च्या वर गेलं तर संशोधकाची नोंदणीच रद्द. ते नियम वाङ्मयचौर्याचे आहेत, रकाना सरकल्याचे नाहीत. शिवाय या पेपरचा त्यांच्या पदवीशी काही संबंध नव्हता. पण मध्यरात्री वाचलेला प्रत्येक नियम आपल्यासाठीच लिहिलाय असं वाटतं.

मी विचारलं, "फाइल पुन्हा उघडल्यावर नवीन काही सापडतं का?"

"नाही."

म्हणजे तपासणी केव्हाच संपली होती. आता जे चाललं होतं ती स्वतःला दिलेली शिक्षा होती, आणि ती भोगण्यात कबुली मात्र रोज लांबणीवर पडत होती. हे मी त्यांना असंच, स्पष्ट सांगितलं. चूक झाली तेव्हा त्यांना ती माहीत नव्हती, त्यामुळे तेवढ्यापुरता अपराधीपणाचा भार उतरवायला हरकत नाही. चूक कळल्यानंतरचं गप्प बसणं मात्र त्यांनी निवडलेलं असणार होतं.

गाईड सरांना त्यांनी आधीच फोन केला होता. सरांचं उत्तर: "कोण वाचतंय आपला पेपर? आणि रिट्रॅक्शन झालं, म्हणजे पेपर मागे घ्यावा लागला, तर कॉलेजच्या रँकिंगचं काय?" दुसरा मुद्दा अगदीच हवेतला नाही. 2025 पासून एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत मागे घेतलेल्या पेपरांसाठी गुण कापले जाऊ लागले. पेपर विकत घेणाऱ्यांना चाप बसावा हा हेतू चांगलाच आहे, पण अशा नियमाची धास्ती आधी घेतो तो प्रामाणिक माणूस. पहिल्या मुद्द्याचं उत्तर विदर्भातून आलेल्या त्या मेलमध्येच होतं. कुणीतरी वाचत होतं आणि त्यावर आपलं एक वर्ष खर्च करायला निघालं होतं.

मॅडमना 'रिट्रॅक्शन' म्हणजे कपाळावरचा डाग वाटत होता. जर्नलच्या संपादकांना नीतिविषयक मार्गदर्शन करणारी 'कोप' नावाची संस्था आहे, 1997 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली. तिच्या मार्गदर्शनात सरळ म्हटलंय की पेपर मागे घेण्याचा उद्देश संशोधनाची नोंद दुरुस्त करणं हा आहे, लेखकाला शिक्षा करणं हा नाही. थोडा भाग चुकला असेल तर शुद्धिपत्र निघतं. निष्कर्षच भरवशाचे राहिले नसतील तर पेपर मागे घेतात, मग कारण लबाडी असो की साधी चूक. मागे का घेतला आणि कुणी घेतला, हेही सूचनेत लिहायचं असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञ पामेला रोनल्ड यांचं उदाहरण मी मुद्दाम दिलं. भातावरच्या कडा करपा या जिवाणूजन्य रोगावर त्यांचं काम. प्रयोगशाळेतल्या नव्या लोकांना जुने निकाल पुन्हा मिळेनात, तेव्हा खोदून पाहिल्यावर जिवाणूंच्या वाणांची अदलाबदल झाल्याचं कळलं. 2013 मध्ये त्यांच्या गटाने दोन पेपर मागे घेतले, त्यातला एक 'सायन्स'मधला. 2015 मध्ये त्याच प्रश्नाचं नवं उत्तर घेऊन तोच गट पुन्हा छापून आला.

मॅडम म्हणाल्या, "त्या मोठ्या आहेत, त्यांना चालतं." खरं आहे. आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजातल्या बाईची आणि त्यांची बरोबरी होत नाही. धीर देण्याच्या भरात हा फरक झाकायचा नसतो, म्हणून मी वाद घातला नाही.

खरी घालमेल पुढे होती. तो रकाना नक्की कुणी हलवला? बहुधा विद्यार्थ्याने, पण पुरावा नाही. संपादकाला लिहिताना 'विद्यार्थ्याच्या चुकीमुळे' एवढे दोन शब्द घातले की मॅडमचं नाव बरंच स्वच्छ राहत होतं. मोह होणारच. मी फ्रान्सिस अर्नल्ड यांची आठवण काढली. 2018 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या या बाईंनी जानेवारी 2020 मध्ये आपला पेपर मागे घेतल्याचं ट्विटरवर जाहीर केलं. निकाल पुन्हा मिळत नव्हते आणि सहलेखकाच्या प्रयोगवहीत नोंदी अपुऱ्या होत्या. तरी 'मी त्या वेळी गडबडीत होते, माझं काम नीट केलं नाही' अशा अर्थाचं त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं. मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "टेबल मीच फायनल केलं होतं. मूळ नोंदवही उघडली नव्हती."

त्यानंतर कामं ठरवली. नोंदवहीच्या पानांचे आणि मूळ फाइलचे फोटो काढून बाजूला ठेवायचे. दुसऱ्या कुणाकडून आकडे नव्याने मांडून घ्यायचे. दोघा सहलेखकांना लेखी कळवायचं आणि उत्तरासाठी मुदत द्यायची. संपादकाचं पत्र दिवसा लिहायचं, त्यात रडगाणं नको: काय चुकलं, कसं कळलं, कोणते निष्कर्ष बदलतात. सरांनी नकार दिला तर तोही पत्रात नमूद करायचा. सगळ्यांची सही जमेपर्यंत थांबायचं नाही. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावं याचे चार निकष घातलेत, त्यात चौथा हाच की कामाच्या खरेपणाबद्दल उत्तर द्यायची तयारी हवी. आपल्याकडे नाव लावायची घाई सगळ्यांना असते, चौथ्या निकषाची आठवण मात्र अशा वेळीच होते. आणि विदर्भातल्या मुलाला त्याच दिवशी कळवायचं, संपादकाची वाट न बघता.

त्याचं उत्तर सगळ्यात आधी आलं: "थँक्यू मॅडम, मग दुसरा कोणता पाठवाल?"

सरांनी मुदत उलटल्यावर एका ओळीत संमती दिली. जर्नलने बरेच महिने घेतले आणि शेवटी पेपर मागे घेतला. लेखकांनी स्वतःहून चूक लक्षात आणून दिली, असं सूचनेत लिहिलं. दुरुस्त आकड्यांचा पेपर आता नव्याने परीक्षणाला गेलाय. मॅडमची झोप पत्र पाठवल्याच्या आठवड्यातच परतली होती. सर मात्र अजून पूर्वीसारखे बोलत नाहीत आणि त्याचं मॅडमना वाईट वाटतं. सध्या आमच्या बैठकांत तोच विषय असतो.