त्रिकोण जोडून गोधडीचा चौकोन शिवते, पण तो वाकडा होतो आणि त्रिकोणांची टोकं कापली जातात. काय चुकतंय?

बहुतेक तुम्ही आधी त्रिकोण कापताय आणि मग जोडताय. त्रिकोणाची तिरकी बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी असते, हात लागला की ताणली जाते. म्हणून त्रिकोण कापूच नका!

एक फिकट, एक गडद असे 4 इंचाचे दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीची रेघ मारा. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर शिलाई घाला आणि मग रेघेवर कापा. उघडलंत की दोन दुरंगी चौकोन तयार. शिवण गडद कापडाकडे वळवून इस्त्री करा, पण इस्त्री घासू नका, नुसती दाबून उचला. मग पट्टी लावून प्रत्येक चौकोन साडेतीन इंचाचा छाटा. हे छाटणं कंटाळवाणं आहे, मीही टाळायचे. टोकं जातात ती हे टाळल्यामुळेच.

असे चार जोडले की भिरभिरं होतं, साडेसहा इंचाचं. जोडताना मधल्या शिवणी एकमेकींच्या उलट दिशेला येऊ द्या, बोटाला अडकल्यासारख्या लागतात, तिथेच टाचणी लावा.

कापड म्हणाल तर मुंबईच्या मंगलदास मार्केटमधलं सुती घ्या, नाहीतर शिंप्याकडच्या ब्लाउजच्या चिंध्या. नवं कापड आधी धुवा, पण जुलैत नको, मुंबईत तेव्हा रुमाल वाळत नाही. आईची जुनी साडी वापरणार असाल तर खळ द्या, नाहीतर कात्रीखाली सरकते.