वाचकांचे प्रश्न : चालता चालता नाचू लागणारी माणसे

प्रश्न : पंधरा वर्षांच्या नातीबरोबर मी सध्या १९३० ते १९६० या काळातले हॉलिवूडचे संगीतपट पाहतो आहे. कथा तिला बाळबोध वाटतात, पण नाच सुरू झाला की ती हातातला फोन खाली ठेवते. आजची नृत्ये तंत्राने इतकी पुढे गेलेली असताना या जुन्या नर्तकांत असे काय आहे?

उत्तर : कथांबद्दलचे आपल्या नातीचे मत मला मान्य आहे. गैरसमज, रुसवा आणि समेट एवढ्याच भांडवलावर त्या बहुधा चालतात आणि आठवडाभरात विसरल्याही जातात. लक्षात राहतो तो नाचणारा माणूस. फ्रेड अस्टेअर १९३३ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा नृत्यदिग्दर्शक बस्बी बर्कलीच्या भव्य नृत्यरचनांची चलती होती. उंचावरून रोखलेल्या कॅमेऱ्याखाली तरुणींचे मोठे ताफे फुलासारखे उमलत आणि मिटत. ते पाहताना डोळे दिपत, पण त्यांतली एकही जण वेगळी ओळखू येत नसे. अस्टेअरने याच्या अगदी उलट आग्रह धरला. नर्तक डोक्यापासून पावलांपर्यंत सतत दिसला पाहिजे, शॉट शक्य तितका अखंड असला पाहिजे आणि मध्येच नुसत्या पायांचे किंवा बघ्यांच्या चेहऱ्यांचे तुकडे घालता कामा नयेत, असे त्याचे म्हणणे होते. त्यामुळे नर्तकाचा वेळ आणि पाहणाऱ्याचा वेळ एकच झाला. तो तीन मिनिटे नाचताना दिसतो तेव्हा खरोखरच तीन मिनिटे नाचत असतो, आणि त्यातल्या कोणत्याही क्षणी त्याचा तोल जाऊ शकतो हे आपल्या अंगाला कळत असते. तुकडे जोडून सजवलेल्या नृत्यात हा धोका संकलनाच्या टेबलावरच संपलेला असतो. आपली नात फोन खाली ठेवते ती या धोक्यासाठी, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते, ती म्हणजे चालण्याचा नाच कुठे होतो ती जागा. १९५३ च्या ‘द बँड वॅगन’मध्ये अस्टेअर आणि नर्तिका सिड शरीस न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये फिरायला निघतात. उद्यान अर्थातच स्टुडिओत उभारलेले आहे. इतर जोडपी नाचत असतात, त्यांच्यामधून ही दोघे काहीही न बोलता पुढे जातात आणि एका मोकळ्या जागी येतात. दोघांची पावले आधीच एका लयीत पडू लागलेली असतात, पण अजून तो नाच नसतो. मग एक जण सहज वाटावी अशी गिरकी घेतो, दुसरा तिला तशीच साद देतो, आणि नाच नक्की कोणत्या पावलाला सुरू झाला हे सांगणे अशक्य होऊन बसते. शेवटी दोघे नाचतच घोडागाडीत चढतात, बसतात, आणि ते बसणेही तालातच होते. एकमेकांबद्दल मनात शंका असलेली दोन माणसे एकत्र काम करू शकतील का, हा त्या कथेतला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर या प्रसंगात एकही शब्द न उच्चारता मिळते. पुढच्या वेळी आपण दोघांनी तो प्रसंग पाहिलात, तर फक्त पावलांकडे लक्ष ठेवून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

ही सहजता फुकट मिळालेली नव्हती. १९३६ च्या ‘स्विंग टाइम’मधील शेवटच्या युगुलनृत्यासाठी सत्तेचाळीस वेळा चित्रीकरण झाले आणि त्यात अस्टेअरची जोडीदार जिंजर रॉजर्स हिच्या पायांतून रक्त येऊ लागले. पडद्यावर या कष्टांचा मागमूस नाही. पाहणाऱ्याला आपले श्रम दिसू देणे म्हणजे त्याच्यावर भार टाकणे, असे ही मंडळी मानत असावीत. मला तरी त्यात प्रेक्षकांबद्दलचा मोठा आदर दिसतो.

प्रश्न : टॅप नृत्यातले बुटांचे आवाज नंतर भरले जात, असे वाचनात आले. मग त्या अखंड शॉटच्या खरेपणाला काय अर्थ राहिला?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. चित्रीकरणाच्या वेळी आधी ध्वनिमुद्रित केलेले गाणे मोठ्याने वाजत असे, त्यामुळे बुटांच्या धातूच्या पट्ट्यांचा आवाज तेथे स्वच्छ मिळत नसे. नंतर नर्तक पडद्यावर स्वतःला पाहत तेच ठेके पुन्हा वाजवी आणि ते ध्वनिमुद्रित केले जात. जिंजर रॉजर्सचे ठेके बऱ्याचदा नृत्यदिग्दर्शक हर्मीस पॅन वाजवत असे. ‘द बँड वॅगन’मध्ये सिड शरीसला गाण्यासाठी इंडिया अ‍ॅडम्सचा आवाज दिला आहे. म्हणजे ध्वनीत उसनवारी होती, हे मान्यच करायला हवे. शरीराच्या बाबतीत मात्र ती नव्हती. १९५१ च्या ‘रॉयल वेडिंग’मध्ये अस्टेअर भिंतीवरून चढत छतावर नाचतो, ती तर उघडउघड किमया आहे : संपूर्ण खोली एका मोठ्या पिंपासारख्या सांगाड्यात बसवून फिरवली होती, सामान जागच्या जागी घट्ट बसवले होते, आणि कॅमेरा व तो चालवणारा दोघेही खोलीबरोबर फिरत होते. पण खोली फिरत असताना नेमक्या क्षणी भिंतीवर पाऊल ठेवणे आणि चेहऱ्यावर त्याची चिंता दिसू न देणे, हे काम कोणतेही यंत्र करणार नव्हते. ते अस्टेअरनेच केले आहे.

प्रश्न : अस्टेअर श्रेष्ठ की जीन केली?

उत्तर : माझा कल अस्टेअरकडे आहे, हे वरच्या उत्तरांवरून आपल्या लक्षात आलेच असेल. तरीही केलीने जे केले, ते अस्टेअरच्या हातून होण्यासारखे नव्हते. पिट्सबर्गमध्ये वाढलेला, लहानपणी आइस हॉकी खेळलेला हा मजबूत बांध्याचा माणूस खलाशाच्या नाहीतर कामकऱ्याच्या कपड्यांत नाचला, आणि उंची पोशाखाशिवायही नाच शोभतो हे त्याने दाखवून दिले. अस्टेअरचे वजन वर जाते, केलीचे जमिनीत रुजते. १९५२ च्या ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये तो भर पावसात छत्री मिटतो, दिव्याच्या खांबावर चढतो, पन्हाळीच्या धारेखाली उभा राहतो आणि डबक्यात थयथयाट करतो. ही डबकी त्याच्या पावलांच्या हिशेबाने मुद्दाम खणून घेतली होती, आणि तो नाचत होता तो १०३ अंश फॅरनहाइट ताप अंगात असताना. आनंद झालेल्या माणसाला काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही, ही साधी गोष्ट पडद्यावर इतक्या नेमकेपणाने मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तेवढ्या चार-पाच मिनिटांपुरते मी माझे मत बदलायला तयार आहे.

प्रश्न : असे नर्तक पुढे का घडले नाहीत?

उत्तर : त्यांना घडवणारी व्यवस्था मोडली. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बड्या स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली, पाठोपाठ घरोघरी दूरचित्रवाणी आली, आणि नर्तक, वादक, शिक्षक, तालमीच्या खोल्या असा संसार वर्षभर पोसणे परवडेनासे झाले.

प्रश्न : या दोघांखेरीज आणखी कोणाला आवर्जून पाहावे?

उत्तर : एलेनॉर पॉवेलला अवश्य पाहावे, १९४० मध्ये ती अस्टेअरसमोर उभी राहिली आणि तसूभरही कमी पडली नाही. पण एकच नाव घ्यायचे असेल तर मी निकोलस बंधूंचे घेईन. फेयार्ड आणि हॅरल्ड यांनी नृत्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. आईवडील फिलाडेल्फियाच्या नाट्यगृहात वाद्यवृंद चालवत, आणि तेथे येणाऱ्या नर्तकांना पाहून फेयार्ड शिकला, मग त्याने धाकट्या भावाला शिकवले. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना बहुतेक चित्रपटांत कथेत स्थान मिळाले नाही. त्यांचे नृत्य स्वतंत्र तुकडा म्हणून ठेवले जाई, म्हणजे अमेरिकेच्या वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांत चित्रपट दाखवताना ते कापून टाकणे सोपे जाई. किती जणांनी त्यांना कधी पाहिलेच नसेल, या विचाराने मला आजही वाईट वाटते.

१९४३ चा ‘स्टॉर्मी वेदर’ हा सर्व कृष्णवर्णीय कलावंतांचा चित्रपट असल्याने तेथे त्यांना कापण्याचा प्रश्न नव्हता. कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदामधून ते उड्या घेत जातात, पियानोवर चढतात आणि तेथून थेट जमिनीवर दोन्ही पाय फाकून उतरतात. मग मागचा मोठा जिना येतो. एक भाऊ पायरीवर पाय फाकून बसतो, दुसरा त्याच्या डोक्यावरून उडी घेऊन खालच्या पायरीवर तसाच बसतो, लगेच पहिला उठून त्याच्यावरून झेपावतो, आणि असे करत दोघे तळापर्यंत येतात. दर वेळी उठताना हात जमिनीला टेकत नाहीत. ते बाजूला मोकळे, हवेत असतात.