सासू गेली, परी उरली

प्रश्न : झोपी गेलेल्या राजकन्येच्या गोष्टीतील शाप देणारी दुष्ट परी मूळ कथेपासूनच होती का?

उत्तर : नव्हती. जांबात्तिस्ता बाझिले याचा नेपल्सच्या बोलीतील कथासंग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ ते १६३६ या काळात, प्रसिद्ध झाला. त्यातील तालियाच्या नखाखाली जवसाच्या तंतूंमधील कुसळ शिरते आणि ती निपचित पडते. हे संकट तिच्या जन्माच्या वेळीच जाणत्यांनी वर्तवलेले असते, ते कोणाच्या शापाने ओढवत नाही. कथेतील खलनायिका आहे ती राजाची लग्नाची बायको. निद्रिस्त तालियावर अत्याचार करणारा हा राजा मात्र शेवटी सुखाने नांदतो, आणि तालियाला त्याच्यापासून झालेली मुले शिजवून त्यालाच वाढू पाहणारी राणी आगीत जाते. हा न्याय आज कोणालाही खटकेल.

शार्ल पेरोने १६९७ च्या आपल्या संग्रहात फ्रेंच दरबाराला रुचेल अशी कथा दिली. पन्नास वर्षे मनोऱ्याबाहेर न पडल्यामुळे मेली असावी असे समजून जिला बोलावणे गेले नाही, ती म्हातारी परी येथे रुसून शाप देते. पण तेवढे करून ती कथेतून निघून जाते. पुढचा छळ करते ती राजपुत्राची नरभक्षक आई, जी नातवंडांसह सुनेलाही खायला निघते. (आपल्या जात्यावरच्या ओव्यांतील सासवा हिच्यापुढे फारच सौम्य म्हणायच्या.)

माझ्या मते खरे वळण ग्रिम बंधूंनी दिले. १८१२ च्या त्यांच्या संग्रहात कथा लग्नापाशीच संपते, त्यामुळे सासूला जागाच उरली नाही. सोन्याची ताटे बाराच असल्यामुळे वगळली गेलेली तेरावी परी एवढीच काय ती वैरीण राहिली. १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्गला चायकोव्हस्कीच्या संगीतावरील बॅले सादर झाला, तेव्हा कॅराबॉस या नावाने तिला रंगमंचावर मोठी भूमिका मिळाली आणि ती एन्रिको चेकेत्ती या पुरुष नर्तकाने केली. डिस्नेच्या १९५९ च्या चित्रपटात तिचे नाव मॅलेफिसंट झाले. शाप देऊन न थांबता ती राजपुत्राला कैदेत टाकते आणि अखेर ड्रॅगनचे रूप घेऊन आग ओकत लढते.

२०१४ च्या ‘मॅलेफिसंट’ या चित्रपटात मात्र सिंहासनाच्या लोभाने तिचे पंख कापून नेणारा प्रियकर आधी अपराध करतो, शाप त्यानंतर येतो. बाझिलेने सुखरूप सोडलेल्या राजाच्या जागी येथे दुसरा राजा आहे, आणि या वेळी शिक्षा त्याला होते.