बाहेरच्या सेन्सरवाला थर्मामीटर घेतोयस तर...

अरे, डिस्प्लेच्या रंगावर जाऊ नकोस, आधी सेन्सर बघ. आपल्याकडे नुसतं तापमान दाखवणारा घेऊन उपयोग नाय, आर्द्रता पायजेच, पावसाळ्यात तर तोच आकडा रोज बघशील. आणि मोहोराच्या वेळी रात्रीची थंडी किती पडली ते कळायला किमान-कमाल लक्षात ठेवणारा घे.

बॉक्सवर शंभर मीटर रेंज लिहितात ती मोकळ्या मैदानातली, जांभ्याच्या दोन भिंती मध्ये आल्या की सिग्नल पार ढेपाळतो, म्हणून रिसीव्हर (घरातला डिस्प्लेवाला भाग) खिडकीजवळ ठेव.

सेन्सर उत्तरेच्या भिंतीला, सावलीत, साधारण दीड मीटरवर लाव, पत्र्याखाली अजिबात नको, दुपारी भलतेच आकडे येतील. पागोळीचं पाणी पण उडता कामा नये. खाऱ्या हवेने बॅटरीच्या स्प्रिंगा हिरव्या पडतात, अधूनमधून उघडून पुसत जा.

आर्द्रता बरोबर दाखवतोय का बघायचंय? झाकणात ओलसर मीठ (पाणी सुटलेलं नको, रबरबीत), ते नि सेन्सर एका घट्ट डब्यात रात्रभर ठेव, 75 टक्क्यांच्या आसपास यायला हवं. तीन-चारचा फरक चालतो, दहाचा असेल तर सरळ परत कर.