पुण्याचे पाहुणे हिवाळ्यात लातूरला येणार आहेत. खायला-प्यायला काय ठेवू आणि निघताना भेट काय देऊ?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बारा-पंधरा पाहुणे, डिसेंबरअखेर किंवा संक्रांतीच्या आसपास, भेटीला माणशी 500 रुपये. आणि खाली तुम्हीच लिहिलंय, 'ड्रायफ्रूटचे बॉक्स जवळजवळ ठरलेत, पण आणखी काही असेल तर सुचवा.' त्या वाक्यासाठी लिहायला बसले. ते बॉक्स देऊ नका. का, ते सांगते.

आमचं रान औशाच्या पुढे. तुम्ही लातूरचेच, म्हणजे येळवस, मार्गशीर्षातल्या अमावास्येचा रानातल्या पूजेचा आणि जेवणाचा सण, काय असते हे तुम्हाला सांगायला नको. 2019 ची येळवस 26 डिसेंबरला होती आणि त्याच सकाळी सूर्यग्रहण. आठच्या सुमाराला लागलं, अकराच्या सुमाराला सुटलं. आमच्या थोरल्या जाऊबाई पुण्याला असतात, आम्ही त्यांना अक्का म्हणतो. मोठ्या भाऊजींच्या ऑफिसातली चौदा माणसं त्या दिवशी रानात जेवायला यायची होती. आदल्या संध्याकाळी अक्कांचा फोन आला. "ग्रहणात तुम्ही चूल पेटवणार नाही. अकराला सुटल्यावर स्वयंपाक कधी करणार आणि माणसं कधी जेवणार? मी शहरात जेवण सांगून ठेवलंय. पनीर, पुलाव, गुलाबजाम. थंडाच्या बाटल्या पण येतील. तुम्ही पूजेची कडब्याची कोप तेवढी छान करा, फोटो काढायला."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बसून लसूण सोलत होत्या. फोन स्पीकरवर होता, त्यांनी सगळं ऐकलं. मला एवढंच म्हणाल्या, "येळवशीला आलेला माणूस आंबील न पिता गेला तर रानाला काय सांगायचं?" आणि पातेलं चुलीवर चढवलं.

आंबील मी त्यांच्याकडूनच शिकले, म्हणून ती नीट सांगते, कारण निम्म्या घरांत ती बिघडवतात. दहा-बारा माणसांना दोन वाट्या ज्वारीचं पीठ घ्यायचं. ते आधी गार पाण्यात कालवायचं, गुठळी राहता कामा नये. दोन लिटर पाणी उकळलं की त्यात ते सोडायचं आणि ढवळत राहायचं. पिठाचा कच्चा वास जाऊन भाकरीसारखा वास सुटला की उतरवायचं. मग थांबायचं. पूर्ण गार होईपर्यंत ताकाला हात लावायचा नाही, कोमट असतानाही नाही, नाहीतर ताक फाटतं आणि पातेल्यात वर पाणी, खाली साका दिसतो. आत्याबाई पातेल्याला बाहेरून गाल लावून बघतात. गार लागलं की दोन लिटर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर. रात्रभर मातीच्या बिंदगीत ठेवली की सकाळी जिभेला बारीकशी आंबट लागते. ती आंबटी हीच तिची चव. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर त्यात चुकूनही ठेवू नका, कळकते.

तर ग्रहण लागायच्या आत बिंदगीत तुळशीचं पान पडलं, वर घोंगडी गुंडाळली. अकराला ग्रहण सुटलं, आंघोळी झाल्या आणि रानातच तीन दगडांवर भज्जीचं पातेलं चढलं. सोललेले ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणे, शेंगदाणे, मेथी, चाकवत, चुका, कांद्याची पात, चार वांगी, गाजर, मूठभर बोरं. शिजत आलं की चिंचेच्या पाण्यात कालवलेलं बेसन, आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. दुसऱ्या चुलीवर बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि गव्हाची खीर. दीडला सगळं तयार होतं.

पण पाहुणे पाऊणलाच आले, आणि त्यांच्याबरोबर शहरातलं जेवणही आलं. लिंबाखाली टेबलं लागली, पांढरी चादर, ॲल्युमिनियमचे ट्रे. अक्कांनी सगळ्यांना तिकडंच बसवलं. आम्ही कोपीपाशी पांडवांना, म्हणजे पूजेला मांडलेल्या दगडांना, नैवेद्य दाखवत होतो आणि त्यांची जेवणं चालू झाली होती. त्यांतले एक गृहस्थ रिटायरमेंटला आलेले, मूळचे उदगीरकडचे. ते ताट हातात घेऊन तसेच कोपीकडं आले आणि आत्याबाईंना म्हणाले, "मावशी, आंबील कुठंय?" उभ्याउभ्या दोन तांबे प्याले. मग ऑफिसातली पोरं एकेक करून आली. भज्जी सगळ्यांना आवडली असं मी म्हणणार नाही. दोघीतिघींना ती फार आंबट लागली, एकीनं लसणाच्या वासानं बाजूला सारली. ज्याची त्याची चव, त्याचं मला काही वाटलं नाही.

वाटलं ते पुढचं. आत्याबाईंनी पहाटेच चौदा पिशव्या भरून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत ढाळ्यांची, म्हणजे घाट्यांसकट उपटलेल्या हिरव्या हरभऱ्याची, एक पेंडी, पावशेर बोरं, गुळाचा खडा, कारळाच्या चटणीची पुडी आणि कागदात गुंडाळलेल्या दोन तिळाच्या पोळ्या. निघताना अक्कांनी चकचकीत डबे वाटले, काजू-बदाम-मनुका, वर सोनेरी फीत. मी पिशव्या आणायला वळले तर म्हणाल्या, "अगं, गाडीत हा पाला कशाला? सीटा खराब होतात. आणि त्यांना काहीतरी किमतीचं दिलंय असं वाटायला नको का?" आत्याबाई दोन पावलांवर उभ्या होत्या. उदगीरच्या काकांनी आपण होऊन एक पिशवी मागून घेतली. तेरा ट्रॉलीखाली राहिल्या. दुसऱ्या दिवशी ढाळे माना टाकून बसले होते, ते गाईपुढं टाकले. आत्याबाई म्हणाल्या, "वानवळा माघारी आणू नये बाई." बस, एवढंच. ते मला अजून विसरता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, भेट म्हणजे वानवळा. आपल्या रानात, आपल्या चुलीवर, आपल्या मुलखात त्या महिन्यात जे झालं, त्यातलं पाहुण्याच्या वाट्याचं. काजू ना लातूरला पिकतो ना पुण्याला, आणि पाहुण्याच्या घराखालच्या दुकानात तोच डबा मिळतो. त्याची किंमत चिठ्ठीवर छापलेली असते, म्हणून तो किमतीचा वाटतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे सगळ्यांना आठवतं. त्याच्या आधीच्या येळवशीला आमच्या रानात तोडायला हिरवं पान नव्हतं. भाजी विकत आणून भज्जी केली. तरी जेवायला आलेल्यांना आत्याबाईंनी आदल्या वर्षीची पायलीभर ज्वारी वाटून दिली, प्रत्येकाला ओंजळभर. घेणाऱ्याने ती रुमालात बांधून नेली. अक्का त्या साली आल्या नव्हत्या. आल्या असत्या तर किमतीचं काय असतं यावर आमचा वाद झालाच नसता. त्या हे वाचतील याची मला कल्पना आहे, त्यांच्या तोंडावरही मी हेच बोलले आहे.

आता तुमचं. तारीख अजून हातात असेल तर ती खाण्यावरून ठरवा. डिसेंबरात येणार असतील तर आंबील, भज्जी, उंडे. तुमचं रान नसेल तर कुणाचंही चालेल, येळवशीला आपल्याकडं कुणी नाही म्हणत नाही, सीमेपलीकडं बीदर-कलबुर्गीतही असंच. हुरडा हवा असेल तर मात्र पौष धरा. डिसेंबरच्या मध्यात कणीस पुष्कळदा दुधातच असतं, ते भाजून हातात नुसता चिकटा येतो. सुरती किंवा गूळभेंडी ज्वारी कुणी पेरली आहे ते आत्ताच विचारून ठेवा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी 'परभणी वसंत' वाण काढलाय, तोही गोड लागतो. नुसती मालदांडी हुरडा म्हणून खपवू नका. आगटी, म्हणजे कणसं भाजायचा खड्ड्यातला विस्तव, गोवऱ्यांची हवी, लाकडाच्या जाळावर कणसं करपतात. चोळणारा माणूस सवयीचा हवा. बरोबर लसणाची चटणी, गूळ, दही. शेव-फरसाणाचे ढीग लावू नका, त्यानंच पोट भरतं.

रात्री मुक्काम असेल तर थंडीत चहाऐवजी हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, माडगं द्या. हुलगे खमंग भाजून दळायचे, ते पीठ पाण्यात कालवून गूळ आणि सुंठ घालून शिजवायचं, वाटीत गरम गरम. पुण्याच्या लोकांनी ते बहुधा प्यालेलं नसतं. संक्रांतीला आले तर भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा. त्याबद्दल वेगळं काय सांगायचं.

भेटीला 500 रुपये पुष्कळ झाले. तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या पोळ्या करा, चांगल्या भाजल्या आणि गार करून भरल्या तर आठवडा सहज टिकतात. घरचं येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसाला घातलेलं पीठ, द्या. पुण्यात येसराची आमटी फार जणांना माहीत नाही, म्हणून पिशवीत कशी करायची त्याची चिठ्ठी टाका. कारळाची नाहीतर जवसाची चटणी. निलंग्याकडची बोरसुरीची तूरडाळ किलोभर द्या, तिला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तिचं वरण घट्ट, गोडसर होतं. पानचिंचोलीची चिंचही तशीच मानांकन मिळालेली. गोड हवं असेल तर भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचे पेढे, पण ते एक-दोन दिवस आधीच आणा, खव्याचा पदार्थ आहे. हे सगळं कापडी पिशवीत. सोनेरी फीत नको.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. कुणाला शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी आहे का ते बोलावतानाच विचारा, आपल्या हिवाळ्यातल्या निम्म्या पदार्थांत दोन्ही असतं. मधुमेह असणाऱ्यांना हुरड्याबरोबर गुळाचा आग्रह करू नका, खीरही वाटीभरच. हुरडा पोटाला जड असतो, त्या दिवशी दुपारचं पूर्ण जेवण ठेवू नका. उरलेली आंबील बाटलीत भरून पुण्याला धाडायचा मोह होतो. करू नका. ती वाटेत आणखी आंबते, झाकण घट्ट असेल तर उघडताना अंगावर येते.

आणि ढाळे द्यायचे असतील, द्याच, तर आमच्यासारखे पहाटे उपटून ठेवू नका. पाहुणे शेवटचा चहा पीत असतील तेव्हा कुणाला तरी रानात धाडा, मुळांसकट उपटून आणा, मुळांची माती झटका आणि ओल्या फडक्यात पेंडी बांधा. त्यांच्या गाडीच्या डिकीत एक जुनं धुतलेलं पोतं आधीच अंथरून ठेवा, म्हणजे सीटा खराब होतील असं कुणाला म्हणता येणार नाही.