केमोथेरपी चालू असताना मुलाच्या हिरड्यांतून रक्त येतं. ब्रश बंद करावा का?

नाही, बंद करू नका. फक्त अगदी मऊ ब्रश घ्या. केमोमुळे प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात (डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत सर्वांत कमी), म्हणून हिरडी जराशा धक्क्यानेही रक्ताळते. ब्रश सोडला की दाताच्या कडेला पिवळट थर साचतो, हिरडी आणखी सुजते आणि तिथले जंतू रक्तात शिरू शकतात. खरा धोका हा. ब्रश आधी कोमट पाण्यात भिजवा, म्हणजे केस टोचत नाहीत. अल्कोहोलचा माउथवॉश नको, झोंबतो. मात्र दाबून धरूनही रक्त थांबत नसेल किंवा ताप आला, तर लगेच कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवा. हलणारा दुधाचा दातही त्यांना विचारल्याशिवाय ओढायचा नाही.