मधुमेहात अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का?

खानापूरच्या तुमच्या वडिलांना अशा गोळ्या द्याव्यात का, असं तुम्ही विचारलंत. फक्त मधुमेह आहे, एवढ्यावरून व्हिटॅमिन ईसारख्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू करू नका. त्या गोळ्यांनी हृदय सांभाळलं जात नाही, पैसे मात्र जातात. रक्तात साखर वाढली की पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतून, मुक्त कण (पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल) जास्त सुटतात. त्यांना आवरायला शरीराकडे ग्लुटाथायोन, कॅटलेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज अशी अँटिऑक्सिडंटची घरचीच फौज असते आणि एनआरएफ२ हे प्रथिन ती गरजेप्रमाणे वाढवतं. गोची अशी की पेशीत जादा साखरेचं सॉर्बिटॉल हे दुसरं रसायन होताना एनएडीपीएच नावाचा मदतनीस रेणू खर्ची पडतो, आणि वापरलेलं ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लावायलाही तोच लागतो. म्हणजे साखर चढी असेल तोवर या फौजेची गळती चालूच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या होप या औषध-चाचणीत बरेच मधुमेही होते. रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेऊनही त्यांचे हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. एनआरएफ२ला औषधाने चेतवायचाही प्रयत्न झाला. बार्डोक्सोलोन या औषधाची ती चाचणी मधुमेह आणि किडनीविकार दोन्ही असलेल्यांवर होती, पण हार्ट फेल्युअर वाढल्याने २०१२ मध्ये थांबवावी लागली. तेव्हा आधी पाहायचं ते असं:

- मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासणी नियमित
- जेवणानंतर चालणं
- तंबाखू बंद (तंबाखू पिकवणाऱ्या निपाणी पट्ट्यात हे सांगणं सोपं नाही, तरीही)

मात्र पायांच्या जळजळीसाठी डॉक्टरांनी अँटिऑक्सिडंटच असलेलं अल्फा लिपोइक अ‍ॅसिड लिहून दिलं असेल, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.